पायरेट्स २०२६ : पिचिंग आहे, धावा कुठून आणायच्या? (रोस्टर, रोटेशन आणि नटिंगसाहेबांची तिजोरी)

तिरपा चेंडू | १२ जानेवारी २०२६

मंडळी, फेब्रुवारीच्या मध्यावर आपल्या पिट्सबर्ग पायरेट्सचे (मेजर लीग बेसबॉल) पिचर-कॅचर सराव शिबिराला फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला जमतील, त्याआधी हा धागा काढतोय. मागचा धागा मालक बॉब नटिंग यांना उद्देशून दिलेल्या 'टीम विका' या एकाच घोषणेत बुडाला. इथे जरा आकडे घेऊन बोलू.

२०२५ चा सगळा हिशेब एका सामन्यात मावतो. १८ मे, फिलाडेल्फिया. आपला पिचर पॉल स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, तीन हिट दिल्या, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं, एक धाव दिली आणि सामना ०-१ असा गेला. कारकिर्दीतला पहिला कम्प्लीट गेम (अख्खा सामना एकट्याने टाकलेला) आणि खात्यात पराभव! वर्षअखेर गड्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.९७, स्ट्राइकआउट २१६, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने. आणि जय-पराजय १०-१०. संघ ७१-९१. संघाच्या धावा ५८३, होम रन ११७, दोन्हींत तीस संघांत तळाला.

या हिवाळ्यात जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टनने अखेर पिचर विकून बॅट आणल्या. योहान ओविएडो बोस्टनला गेला, बदल्यात आउटफिल्डर जोस्टिंक्सन गार्सिया आला. माइक बरोज तीन संघांच्या सौद्यात ह्यूस्टनला गेला आणि टॅम्पाकडून ब्रँडन लो, जेक मँगम आणि डावखुरा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारा पिचर) मेसन माँटगोमेरी आले. वर रायन ओ'हर्नला दोन वर्षांचे २ कोटी ९० लाख डॉलर. चेरिंग्टन २०१९ च्या शेवटी आला, तेव्हापासून मुक्त खेळाडूशी केलेला हा पहिला एकाहून अधिक वर्षांचा करार. सहा वर्षं लागली!

माझं मत आधीच सांगून टाकतो: दिशा बरोबर आहे, मात्रा कमी आहे. स्कीन्स २०२९ च्या मोसमापर्यंतच आपला. त्या चार वर्षांत दोनदा प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) नाही गाठली, तर पुढे कोणी कितीही रोपं लावली तरी उपयोग नाही.

---

गणिती गोटी | १२ जानेवारी

मात्रा किती कमी ते मोजता येतं. ढोबळ नियम असा की मोसमभरात दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय. मागच्या वर्षी आपण ५८३ केल्या आणि साडेसहाशेच्या आसपास दिल्या. केलेल्या धावांचा वर्ग भागिले (केलेल्यांचा वर्ग + दिलेल्यांचा वर्ग) केलं की ०.४५ येतं, म्हणजे १६२ सामन्यांत ७३ विजय. प्रत्यक्षात ७१. म्हणजे नशीब फुटकं होतं असं नाही, संघच तेवढ्या लायकीचा होता.

आता दिलेल्या धावा तेवढ्याच धरा आणि केलेल्या ७०० करा. उत्तर ८७ विजय. त्यासाठी सामन्यामागे ३.६ ऐवजी ४.३ धावा हव्यात, म्हणजे वाढ सुमारे १२० धावांची. लो आणि ओ'हर्न यांनी मिळून, ते ज्यांची जागा घेतात त्यांच्यापेक्षा, ५०-६० धावा जास्त आणल्या तरी ते चांगलं वर्ष म्हणायचं. उरलेल्या साठ कुठून? ओनील क्रूझ सुधारला तर काही. ब्रायन रेनॉल्ड्स पूर्वीसारखा खेळला तर काही. बाकी प्रार्थना.

आणि बरोज-ओविएडो गेल्यावर दिलेल्या धावा तेवढ्याच राहतील हे गृहीतकसुद्धा फुकट मिळालेलं नाही.

एक आकडा मात्र आशेचा. मॅनेजर डेरेक शेल्टनला मागच्या ८ मे ला काढलं तेव्हा आपण १२-२६ होतो. त्याच्या जागी आलेल्या डॉन केलीच्या हाताखाली ५९-६५. तोच वेग वर्षभर धरला तर ७७ विजय. म्हणजे चढ ७१ पासून नाही, ७७ पासून आहे.

---

चारशेदहा फूट | १२ जानेवारी

लो आणि ओ'हर्नच का, हे मैदान बघितल्याशिवाय कळणार नाही.

आपल्या पीएनसी पार्कमध्ये डावी रेषा ३२५ फूट, तिथली भिंत जेमतेम सहा फुटांची. पण लेफ्ट-सेंटरला भिंत मागे सरकत सरकत जिथे कोपरा करते ते अंतर ४१० फूट. उजव्या हाताने मारणारा चेंडू जिकडे सर्वांत जोरात ओढतो, नेमकं तिकडेच. दुसऱ्या मैदानात जो होम रन ठरतो तो इथे कोपऱ्यात आउटफिल्डरच्या ग्लोव्हमध्ये विसावतो. उजवीकडे रेषा ३२० फूटच, भिंत २१ फूट उंच (क्लबचा दिवंगत महान खेळाडू रोबर्टो क्लेमेंटेच्या २१ नंबरासाठी), आणि तिच्यापलीकडे अलेघेनी नदी. डावखुऱ्याने चेंडू उंच ओढला तर भिंतीवरून जातो, सपाट मारला तर भिंतीवर आपटून डबल होतो. दोन्हीकडून फायदा.

लोने मागच्या वर्षी ३१ होम रन मारले आणि तो ओढून मारणारा डावखुरा आहे. ओ'हर्नही डावखुरा. उजव्या हाताचा स्लगर आणून त्याला या कोपऱ्यात झिजवण्यापेक्षा हे शहाणपणाचं. त्यामुळे डावखुरा स्लगर काइल श्वार्बरला चार वर्षांचे साडेबारा कोटी देऊ केल्याच्या बातम्या आल्या तेव्हा पैशाचं नवल वाटलं, निवडीचं नाही. तो फिलीजकडेच पाच वर्षांच्या १५ कोटींवर राहिला ते सोडा.

---

डावखुरा | १२ जानेवारी

नावाला जागून विरोध करतो :)

मैदानाचं पटलं, पण लाइनअप लिहून बघा. क्रूझ डावखुरा, हॉर्विट्झ डावखुरा, लो डावखुरा, ओ'हर्न डावखुरा. रेनॉल्ड्स आणि मँगम दोन्ही बाजूंनी मारतात. समोरचा मॅनेजर काय करील? तीन सामन्यांच्या मालिकेत दोन डावखुरे स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) आपल्या वाट्याला येतील अशी रांग लावील आणि सातव्या इनिंगला बुलपेनमधून (रिलीव्हरांच्या ताफ्यातून) तिसरा डावखुरा काढील. डावखुऱ्या पिचरपुढे क्रूझची बॅट मागच्या वर्षी मुकीच होती. वर्षाची सरासरी .२००, होम रन २०, आणि ३८ बेस चोरून नॅशनल लीगमध्ये संयुक्त पहिला. असा विचित्र खेळाडू दुसऱ्या कुठल्या संघात दाखवा.

२०२० पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटरना तरी टाकावं लागतं (इनिंग संपली तर सुटका). म्हणून डावखुऱ्यांना एकामागे एक उभं करणं ही प्रतिस्पर्ध्याला दिलेली दक्षिणाच. लो दुसरा, रेनॉल्ड्स तिसरा, ओ'हर्न चौथा, मग कोणीतरी उजवा, मग क्रूझ, असं विणावं लागेल. तो 'कोणीतरी उजवा' कोण? निक गोन्झालेस? हेन्री डेव्हिस? दोघांनीही अजून तेवढं दाखवलेलं नाही. गार्सिया उजवा आहे, पण त्याला ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पातळी) मध्ये आणखी काही महिने लागले तर आश्चर्य नको.

आणि क्षेत्ररक्षण. लो सेकंड बेसला जेमतेम. केब्रायन हेजला जुलैत रेड्सना देऊन टाकल्यावर थर्ड बेसचा किल्ला गेला. बॅट चालत नव्हती हे मान्य, पण ग्लोव्ह सोन्याचा होता. जेरेड ट्रिओलो तिथे भरवशाचा, २०२४ चा युटिलिटी गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) उगाच नाही मिळाला. पण त्याला शॉर्टस्टॉपलाही खेळवायचं म्हटलं तर एक माणूस दोन ठिकाणी कसा उभा राहणार? जमिनीवरून चेंडू काढून घेणारे पिचर आपल्याकडे आहेत, आणि मागे इनफिल्ड गळकं. साठ धावा मिळवल्या आणि पंचवीस गळल्या तर गणिती गोटींचं गणित पुन्हा मांडा.

---

गणिती गोटी | १२ जानेवारी

मांडलं. ८३-८४. वाइल्ड कार्डच्या (डिव्हिजन न जिंकता मिळणाऱ्या प्लेऑफच्या जागेच्या) दारात, आत नाही.

---

नवा भिडू | १३ जानेवारी

एक बाळबोध प्रश्न. क्रिकेटवरून नुकताच इकडे वळलोय. बरोज तरुण, स्वस्त, अजून बरीच वर्षं संघाच्या ताब्यात. लोकडे करारातलं एकच वर्ष उरलंय. मग हा सौदा तोट्याचा नाही का? आणि स्कीन्स २०२९ पर्यंत 'आपला' म्हणजे नक्की काय? त्याचा एवढ्या वर्षांचा करार तर झालेला नाही.

---

बुलपेनवाली | १३ जानेवारी

बाळबोध नाही, कळीचा प्रश्न आहे. सावकाश सांगते.

मेजर लीगमध्ये सेवेचे दिवस मोजतात. मोसम साधारण १८६-१८७ दिवसांचा. २६ जणांच्या संघात किंवा जखमींच्या यादीत १७२ दिवस काढले की एक वर्ष भरलं. पहिली तीन वर्षं संघ देईल तो पगार, किमान मर्यादा यंदा ७ लाख ८० हजार डॉलर. पुढची तीन वर्षं पगार ठरवायला लवादाकडे जाता येतं. सहा वर्षं भरली की खेळाडू मुक्त. करार असो नसो, तोवर तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर हे वेठबिगारीसारखं वाटेल. युनियनलाही तसंच वाटतं.

आता स्कीन्स. तो ११ मे २०२४ ला वर आला. तिथून मोसमाच्या शेवटापर्यंत १४२ दिवस. १७२ भरले नाहीत, म्हणजे वर्ष धरलं जाणार नाही आणि तो २०३० पर्यंत राहील, असा क्लबचा फायदा दिसत होता. पण मालक आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या २०२२ च्या करारात एक कलम आलंय: नामांकित नवोदित रूकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवोदित पुरस्काराच्या) मतदानात पहिल्या दोघांत आला, तर पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्स पहिला आला. वर्ष मिळालं. म्हणजे २०२४, २५, २६ ही तीन, २०२७ ते २९ लवाद, मग मुक्त.

खरी गंमत पुढे आहे. तोच नवोदित पहिल्या दोन आठवड्यांतच वर आणून पूर्ण १७२ दिवस ठेवला असता आणि त्याने तो पुरस्कार जिंकला असता, तर क्लबला पहिल्या फेरीनंतर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळाली असती. आपण त्याला खाली बसवलं, वर्षही गेलं आणि निवडही गेली. एप्रिलमध्ये त्याच्या इनिंग मोजूनमापून टाकायच्या होत्या हे कारण खोटं नव्हतं, पण त्या वरच्या संघातही मोजता आल्या असत्या.

आता बरोज. सहा वर्षांचा चौथ्या क्रमांकाचा स्टार्टर विरुद्ध एका वर्षाचा ३१ होम रनवाला, असं कागदावर मांडलं तर तोटाच. पण आपल्याकडे चौथ्या क्रमांकाचे स्टार्टर पाच-सहा आहेत, ३१ होम रनवाला एकही नाही. घरात डाळीची पोती पडलीत आणि मीठ संपलंय अशी अवस्था. शिवाय माँटगोमेरी हा डावखुरा शंभरीजवळ टाकतो आणि तोही बरीच वर्षं राहील. मला सौदा आवडला. ओविएडोचा जास्तच, कारण गार्सियाने निम्मं वचन पाळलं तरी तो सहा वर्षं आपला.

---

अलेघेनी काठ | १३ जानेवारी

सगळं ठीक. पण मालकाबद्दल बोलायचंच नाही का? बॉब नटिंग २००७ पासून प्रमुख. तेव्हापासून प्लेऑफ तीनदा: २०१३, १४, १५. वर्ल्ड सीरीज शेवटची १९७९. १९९३ ते २०१२ सलग वीस तोट्याचे मोसम. त्यातले सुरुवातीचे त्यांच्या माथी मारता येणार नाहीत, पण शेवटचे सहा येतील.

क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार कुठला? रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार. श्वार्बरला पाच वर्षांत त्याहून जास्त मिळाले. आपला पगारखर्च मागच्या वर्षी ९ कोटींच्या आतबाहेर. डॉजर्सनी २०२५ साठी नुसता लक्झरी टॅक्स (पगारखर्चाची मर्यादा ओलांडल्याचा दंड) भरला तो १५ कोटींच्या वर. आपल्या अख्ख्या संघापेक्षा त्यांचा दंड मोठा.

आणि बारीकसारीक गोष्टींतही हात आखडता. गेल्या एप्रिलमध्ये उजवीकडच्या भिंतीवरचं क्लेमेंटेचं २१ नंबराचं चिन्ह झाकून तिथे मद्याची जाहिरात लावली. कुटुंबीयांनी आवाज उठवल्यावर परत लावलं. मदत घेऊन जाणाऱ्या विमानात जीव गमावलेल्या माणसाचा नंबर! यातून किती डॉलर सुटले असतील?

---

तिरपा चेंडू | १३ जानेवारी

क्लेमेंटेबाबत शंभर टक्के सहमत, त्याला बचावच नाही.

पैशाबाबत मात्र थोडं नेमकं बोलू. प्रत्येक संघ आपल्या स्थानिक निव्वळ उत्पन्नातला ४८ टक्के हिस्सा सामाईक कुंडात टाकतो आणि ते कुंड तिसांत समान वाटलं जातं. लहान बाजारपेठेला त्यातून निव्वळ मिळकत होते. शिवाय राष्ट्रीय टीव्हीचा वाटा. म्हणजे पहिलं तिकीट विकण्याआधी पगाराचा बराच भाग येऊन पडलेला असतो. करारात अट आहे की वाटपातून आलेला पैसा मैदानावरची कामगिरी सुधारायला वापरावा. पगारखर्च मिळालेल्या वाटपाच्या दीडपट नसेल, तर 'आम्ही नीट वापरतोय' हे सिद्ध करण्याची जबाबदारी क्लबवर येते. २०१८ मध्ये युनियनने याच मुद्द्यावर चार क्लबांविरुद्ध तक्रार नोंदवली होती, त्यात पायरेट्स होते.

तेव्हा 'डॉजर्सएवढा खर्च करा' ही मागणी निरर्थक आहे. मिलवॉकीची बाजारपेठ आपल्यापेक्षा लहान, तरी ते आपल्याच डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं डोक्यावर बसलेत. मागणी अशी हवी: १२-१३ कोटींपर्यंत जा आणि तो फरक फक्त स्कीन्सच्या चार वर्षांत वापरा.

---

अलेघेनी काठ | १३ जानेवारी

मिलवॉकीचं उदाहरण उलट तुमच्यावरच येतं. ते थोड्या पैशात करतात कारण त्यांना खेळाडू घडवता येतात. आपण २०२० आणि २०२१ च्या पहिल्या फेरीत गोन्झालेस आणि डेव्हिस घेतले, त्यातला डेव्हिस तर देशात पहिला. दोघांच्या बॅटचं काय झालं ते समोर आहे. पिचर घडवायची शाळा उत्तम, बॅटरची नापास. मालक बदलला तरी ती शाळा आपोआप सुधारणार नाही, एवढं तुमचं मान्य.

---

रोखठोक रावसाहेब | १४ जानेवारी

मग कटू बोलतो. स्कीन्सला आत्ताच विका. आज त्याच्यामागे चार वर्षं आहेत, त्यामुळे भाव सर्वोच्च. दोन वर्षांनी निम्मा. कोपर गेलं तर शून्य. पाच उत्तम तरुण खेळाडू घ्या, त्यातले तीन बॅटर, आणि २०२७ पासून खरा संघ उभा करा. लवादात त्याचा पगार कुठे जाईल बघा: डेट्रॉइट टायगर्सचा पिचर तारिक स्कुबलने यंदा ३ कोटी २० लाख मागितलेत, टायगर्स १ कोटी ९० लाख देतो म्हणतात. नटिंग ते देणार आहेत का?

---

बुलपेनवाली | १४ जानेवारी

रावसाहेब, हा प्रयोग आपण केलेला आहे. जानेवारी २०१८. पिचर गेरिट कोल, तोही ड्राफ्टमधला पहिला, ह्यूस्टनला दिला. बदल्यात मस्ग्रोव्ह, मोरान, फेलिझ आणि मार्टिन. चौघे! कोल तिकडे जाऊन देशातला सर्वांत भेदक पिचर झाला. आपण वर आलो का?

त्याच जुलैत उलटा प्रयोग. टॅम्पाच्या पिचर क्रिस आर्चरसाठी ग्लासनाऊ, मेडोज आणि वर शेन बाझ. तीन 'उत्तम तरुण' देऊन एक नावाजलेला आणला. तोही बुडाला. म्हणजे विकतानाही फसलो आणि घेतानाही. दोन्ही सौदे नटिंग मालक असतानाचे, मॅनेजमेंट मात्र वेगळं, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पाच जणांचं पॅकेज घेण्यात अडचण अशी की २६ जागांच्या संघात पाच ठीकठाक खेळाडू पाच जागा खातात. स्कीन्स एकाच जागेत दोन पिचरांचं काम करतो. तुमच्या स्कुबलच्या आकड्याचं म्हणाल, तर तो लवादाच्या शेवटच्या वर्षात आहे. स्कीन्सला २०२७ मध्ये त्याच्या जवळपासही मिळणार नाही.

---

रोखठोक रावसाहेब | १४ जानेवारी

कोपराचं उत्तर दिलं नाहीत.

---

बुलपेनवाली | १४ जानेवारी

देते. कोपराची हमी कोणीच देऊ शकत नाही, पण क्लबने त्याला वापरलंय जपून. २०२५ मध्ये ३२ सामने, १८७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग, म्हणजे सामन्यामागे सहाला थोड्या कमी. बहुतेक वेळा पाच दिवसांची विश्रांती.

त्याच्या चेंडूंकडेही बघा. फोर-सीम ९८ मैल (१५८ किमी). 'स्प्लिंकर' हे त्याचं खास हत्यार ९४ च्या आसपास. बोटं स्प्लिटरसारखी फाकवलेली, पण फार नाही. मनगट मात्र सिंकरसारखं. फिरकी कमी असल्याने प्लेटजवळ चेंडू बसतो आणि उजव्या बॅटरच्या हातांकडे सरकतो. फास्टबॉल समजून बॅट फिरवली की चेंडू तिच्या खालच्या कडेला लागून शॉर्टस्टॉपकडे. पहिल्या वर्षी तो हा खूप टाकायचा. दुसऱ्या वर्षी प्रमाण कमी करून चेंजअप आणि स्वीपर वाढवले. क्रिकेटवाल्यांसाठी: यॉर्कर येतोच म्हणून बॅटर क्रीजमध्ये रुतला, की आता संथ बाउन्सर. तेविसाव्या वर्षी एकाच हत्याराच्या भरवशावर न राहणारा पिचर टिकण्याची शक्यता जास्त, असं माझं मत.

धोका आहे तो बाकीच्यांचा. आपला दुसरा पिचर जेरेड जोन्सच्या कोपरावर मे २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, अस्थिबंधाला आतून पट्टीचा आधार दिलाय. याला टॉमी जॉनपेक्षा (अस्थिबंधच बदलण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा) कमी वेळ लागतो, दहा ते बारा महिने धरा. शिबिर सुरू झालं की त्याला जखमींच्या ६० दिवसांच्या यादीवर टाकतील, कारण त्याने ४० जणांच्या यादीतली एक जागा मोकळी होते. पण ते ६० दिवस मोसम सुरू झाल्यापासून मोजतात, म्हणजे मेच्या शेवटाआधी तो परत येऊ शकत नाही. जागा हवी असेल तर जोन्सचे काही सामने सोडावे लागतील. फुकट काहीच नाही.

---

तिरपा चेंडू | १४ जानेवारी

मग रोटेशन असं: स्कीन्स, मिच केलर, बबा चँडलर, ब्रॅक्स्टन अॅशक्राफ्ट आणि पाचवा? कार्मेन म्लोजिन्स्की की हंटर बार्को?

---

बुलपेनवाली | १४ जानेवारी

बार्को, कारण बाकी चौघे उजवे. म्लोजिन्स्कीचं दुखणं ठरलेलं: बॅटरची रांग पहिल्यांदा फिरते तेव्हा सुरेख, तिसऱ्यांदा समोर आली की धुलाई. त्याला तिसऱ्यांदा दाखवायचंच नाही. चँडलरला मागच्या ऑगस्टमध्ये पदार्पणात सलग चार इनिंग बुलपेनमधून टाकायला लावून सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय) मिळवून दिला होता, तसा म्लोजिन्स्कीचा वापर करा. बार्को चार, म्लोजिन्स्की तीन, उरलेल्या दोन डेनिस सँटाना आणि ग्रेगरी सोटो.

यात मेख एकच. २६ मध्ये पिचर १३ च ठेवता येतात. पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर. त्या आठांत ज्यांचे ऑप्शन (खालच्या संघात मोकळेपणी पाठवण्याची मुभा) संपलेत असे तीन-चार असले की त्यांना वेव्हर्सवर (इतर क्लबांना उचलू देण्याच्या यादीवर) न टाकता खाली पाठवता येत नाही, आणि बुलपेन थकलं तरी ताजा हात वर आणता येत नाही. खाली पाठवलेला पिचरही १५ दिवस परत बोलावता येत नाही, कोणी जखमी झाला तरच. एक्स्ट्रा इनिंगच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी आपण जे केविलवाणे दिसतो त्याचं कारण हे. शेवटची इनिंग टाकणाऱ्या डेव्हिड बेडनारला यँकीजना दिल्यावर शेवटची इनिंग कोणाची हे न ठरवणं परवडेल, पण आठातले निदान चार ऑप्शनवाले हवेतच.

---

नवा भिडू | १४ जानेवारी

जबरदस्त माहिती, आभार. अवांतर: भारतातले ते दोघे याच संघात होते ना?

---

चारशेदहा फूट | १४ जानेवारी

होय. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशचे, मूळचे भालाफेकपटू. वेगाने चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सनी करारबद्ध केले. अमेरिकन मेजर लीगच्या क्लबशी करार करणारे पहिले भारतीय. २००९ मध्ये ब्रॅडेंटनलाच गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. दिनेश पुढच्या वर्षी सुटला, रिंकू दुखापतींनी थांबला आणि नंतर कुस्तीच्या रिंगणात गेला.

भाल्याचा हात वेगवान असतो, पण प्लेटच्या १७ इंच रुंदीत चेंडू पुन्हा पुन्हा टाकायचा तर लहानपणापासून हजारो फेकी लागतात. विशी गाठल्यावर सुरुवात करणाऱ्याला ते अंतर कापता येत नाही. त्या दोघांनी जेवढं कापलं तेवढंही थोडं नाही.

---

डावखुरा | १५ जानेवारी

मुद्द्यावर येतो. आपला जुना लाडका अँड्र्यू मॅककचन? वय ३९, मागच्या वर्षी १३ होम रन. अजून करार नाही. उजव्या हाताचा आहे, आणि मी वर जो 'कोणीतरी उजवा' शोधत होतो...

---

तिरपा चेंडू | १५ जानेवारी

डावखुऱ्या पिचरपुढे डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून आठवड्यातून दोनदा, चालेल. रोज नको. ओ'हर्नला डीएचची जागा मोकळी हवी, नाहीतर तो आउटफिल्डमध्ये पळत राहील आणि ऑगस्टपर्यंत पाय जातील. भावना एका पारड्यात आणि २६ वी जागा दुसऱ्या पारड्यात.

---

अलेघेनी काठ | १५ जानेवारी

भावनेलाही किंमत आहे हो. गेल्या दहा वर्षांत लोकांना मैदानावर आणणारं दुसरं काय होतं? फटाके आणि तो.

---

गणिती गोटी | १५ जानेवारी

कॉनर ग्रिफिनबद्दल कोणीच कसं बोललं नाही? २०२४ च्या ड्राफ्टमधला नववा. मागच्या वर्षी तीन पातळ्यांवर मिळून .३३३, २१ होम रन, ६५ चोरलेले बेस, शेवट अल्टूनाला डबल-ए मध्ये. एप्रिलमध्ये वीस वर्षांचा होईल. उजव्या हाताचा आणि शॉर्टस्टॉप. डावखुरा यांना हवा असलेला उजवा हाच, आणि ट्रिओलोला थर्ड बेसवर मोकळा करणाराही हाच.

बुलपेनवालींचा नियम इथे लावून बघितला. यंदाचा मोसम २५ मार्च ते २७ सप्टेंबर, एकूण १८७ दिवस. वर्ष न भरू द्यायचं तर १७१ पेक्षा जास्त दिवस मिळू द्यायचे नाहीत, म्हणजे त्याला किमान १६ दिवस खाली ठेवायचं. ९ एप्रिलला वर आणला तर १७२ भरतात आणि जादा निवडीचा रस्ता खुला राहतो. १० एप्रिलला आणला तर एक वर्ष वाचतं, पण तो रूकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आला की तेही गेलं आणि निवडही गेली. स्कीन्सचीच पुनरावृत्ती.

---

बुलपेनवाली | १५ जानेवारी

हिशेब बरोबर. फक्त एक धरायचं राहिलं: डबल-ए मध्ये त्याचे सामने मोजकेच झालेत आणि ट्रिपल-ए तर त्याने पाहिलेलंच नाही. तिथे बाहेर पडणारे स्वीपर तो सोडतोय की मागे लागतोय हे मार्चच्या सराव सामन्यांत दिसेल. सोडत असेल तर पहिल्या दिवसापासून खेळवा. मागे लागत असेल तर जूनपर्यंत इंडियानापोलिसला, आपल्या ट्रिपल-ए संघात ठेवा, आणि मग कारण खेळाचं असेल, कॅलेंडरचं नाही.

---

डावखुरा | १५ जानेवारी

आणि यंदा १ डिसेंबरला मालक आणि युनियनमधला करार संपतोय. २०२१ मध्ये संपला तेव्हा टाळेबंदी ९९ दिवस चालली. २०२७ चा मोसम कापला गेला तर तिरपा चेंडू यांच्या चार वर्षांतलं एक तिथेच कमी. मालक ते कारण सांगून याच वर्षी हात आखडता घेतील, की त्याच कारणाने याच वर्षी सैल सोडतील?

---

तिरपा चेंडू | १५ जानेवारी

सैल सोडायचे असते तर लो, ओ'हर्ननंतर एक उजवा थर्ड बेसमन एव्हाना आला असता. अजून महिना आहे. ब्रॅडेंटनची पहिली यादी लागली की इथेच टाकतो.